खारफुटीची हरकत

विंचूरच्या अलीकडच्या एका गावातून आमच्या नगररचना कार्यालयात अर्ज आला होता. येवला रस्त्यालगतची एक एकर जमीन शेती विभागातून रहिवास विभागात घ्यावी, म्हणजे तिच्यात आठ प्लॉट पाडता येतील. जाहीर नोटिशीनंतर हरकत एकच आली. तिची सुनावणी माझ्यापुढे होती.

अर्जदार महेश आणि हरकतदार मालनबाई एकाच मोटरसायकलवरून आले. मुलगा आणि आई. महेशने आधी आईला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, मग टेबलाच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसला.

मी हरकत वाचून दाखवली. "सदर बदलामुळे खारफुटीचे अपरिमित नुकसान होऊन भरतीचे पाणी वस्तीत शिरेल."

समुद्र तिथून सरळ रेषेत शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे आणि मध्ये सह्याद्री आहे. तरी विचारणं माझं काम होतं.

"आजी, तुमच्या शेतात खारफुटी कुठं आहे?"

"बांधाला असंल."

"बांधाला बाभूळ आहे," महेश म्हणाला.

"तू मधी बोलू नको. तुला इचारलंय का?"

हरकत नातीने, निकिताने, मोबाइलवरून बघून लिहून दिली होती. मालनबाईंनी नुसती सही केली होती. ती सही ओळखीची वाटली म्हणून मी अर्जाचं शेवटचं पान काढलं. अर्जदार क्रमांक एक, महेश. अर्जदार क्रमांक दोन, मालनबाई. सातबाऱ्यावर दोघांची नावं होती.

"आजी, अर्जही तुमचाच आहे."

"महेश म्हनला इथं सही कर, केली. निकिता म्हनली इथं कर, तिथंबी केली. मी घरात कुनाला नाय म्हनत नाय."

स्वतःच्याच अर्जावर हरकत घेता येते का, हे नियमांत कुठेच सापडलं नाही. मी पेन खाली ठेवलं.

"खरी अडचण काय आहे, ते सांगा."

मालनबाईंनी टेबलावरचा प्लॉटचा नकाशा स्वतःकडे वळवला आणि सगळ्यात मागच्या, आठ नंबरच्या प्लॉटवर बोट ठेवलं. "मला इथं टाकलंय."

"शांत जागा आहे, मॅडम," महेश म्हणाला. "धूळ नाही, हॉर्न नाही. आईसाठीच ठेवली."

"शांत जागा मेल्यावर हायेच की. माझी मीना येवल्याला दिलीय. फोन न करता येती. आता घरातून एसटी दिसती. ती उतरली की मी च्या टाकते. ती दाराशी येस्तोवर उकळी येती. मागून मला काय दिसनार? पोरगी आल्यावर आधन ठेवायचं? पाव्हनी हाय का ती?"

"रस्त्याला लागून एक नंबरच आहे, कॉर्नरचा, मॅडम." महेश म्हणाला. " तिथं मेडिकल निघेल."

कुणी कोणत्या प्लॉटवर राहावं, हे माझ्या अधिकारात नव्हतं. तसं मी दोघांना सांगितलं. मालनबाईंनी नकाशा हळूच माझ्याकडे परत सरकवला. तेव्हा मला एक चूक दिसली, जी मला आधीच दिसायला हवी होती. वसाहतीची सामायिक मोकळी जागा आठ नंबरच्या मागे दाखवली होती आणि तिथे जायला रस्ता नव्हता. क्रिकेट खेळायला जाणाऱ्या प्रत्येकाला मालनबाईंच्या अंगणातून जावं लागलं असतं.

"हा नकाशा चालणार नाही," मी महेशला म्हटलं. "मोकळ्या जागेला रस्ता हवा. आठ नंबर हलवावा लागेल. दुरुस्त नकाशा आणा, दोन्ही अर्जदारांच्या सह्यांसह."

"दोन्ही म्हंजे माझीबी?" मालनबाईंनी विचारलं.

"तुमचीही."

 त्या पदर सावरून उठल्या. "चल महेश. मेडिकल दोन नंबरला बी निघतं. औषध लागलं तर मानूस धा पावलं जास्त चालतंय."

महेश माझ्याकडे बघत होता. मी नियमाच्या पुस्तकाकडे बघत होते.

बाराव्या दिवशी दुरुस्त नकाशा आला. एक नंबरवर पेन्सिलीने 'आई' लिहून खोडलं होतं, पण वाचता येत होतं. हरकत मागे घेतल्याचा अर्ज सोबत होता. त्यात खारफुटी सुरक्षित असल्याचं निकिताने नमूद केलं होतं.

महिनाभराने मी जागेची पाहणी करायला गेले. मंजुरी अजून यायची होती, पण एक नंबरच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर मालनबाई आधीच होत्या.

"दिसते का एसटी?"

"दिसती. पर लय उशिरा येती," त्या म्हणाल्या. "तेची हरकत कुठं घालायची?"