किरकोळ सुधारणा

धाकट्याला खोटं बोलता येत नाही, असा घरात समज होता. बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. म्हणून असेल, पण त्याच्या हातून खोटं बोलायचं काम एका फंक्शनकडे, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याकडे गेलं. फंक्शनला कान नसतात.

धाकटा ज्या कंपनीत होता तिच्याकडे भाड्याच्या इमारतींची देखभाल होती. जिन्यातला दिवा गेला, नळ गळतोय, लिफ्ट रुसली, की रहिवाशांनी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तक्रार लिहायची. अ‍ॅपच्या मागे एपीआय, म्हणजे खिडकीतला न दिसणारा कारकून. त्याने तक्रार घ्यायची, डेटाबेसात लिहायची आणि रहिवाशाला उत्तर द्यायचं. ही खिडकी धाकट्याने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात बांधली होती. फ्रेमवर्क इतकं गुणी की एका ओळीत पत्ता, एका ओळीत फंक्शन, एका ओळीत उत्तर, की झाली खिडकी उघडी.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला अ‍ॅप दाखवायचं होतं. धाकट्याने आधी उत्तराची ओळ लिहिली: ‘तक्रार नोंदवली आहे. लवकरच लक्ष घालतो.’ तिच्यावर स्वतःसाठी शेरा मारला: ‘नंतर इथे खरंच नोंदवायचं.’ मॅनेजर खूश झाला, सगळ्यांनी हात मिळवले, आणि ‘नंतर’ हा दिवस कुठल्याच आठवड्यात आला नाही.

कारकून मात्र कामाला वाघ. फोन नंबरात एक आकडा कमी असला की तक्रार कडक शब्दांत परत. सगळं बिनचूक असलं की अदबीने घ्यायची आणि फेकून द्यायची. प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टसुद्धा हिरव्यागार, म्हणजे पास, कारण त्या एवढंच विचारायच्या, ‘उत्तर आलं का?’ उत्तर यायचंच. मीटिंगमध्ये मॅनेजरने पडद्यावर आलेख लावला. “ही खिडकी बघा. सगळ्यात वेगवान. एकदाही अडखळली नाही. शिका काहीतरी याच्याकडून.” धाकटा लाजला. त्याला खरंच वाटलं, आपण चांगलं लिहितो.

तिकडे दुरुस्ती विभागात तक्रारी येईनाशा झाल्या. सुतार रिकामा बसून कंटाळला आणि त्याने आपल्याच टेबलाला पाचवा पाय बसवला. “यंदा लोक फार समाधानी आहेत,” तो म्हणायचा. “काळजी वाटते.”

मग आत्या पडली.

धाकट्याची आत्या याच कंपनीच्या इमारतीत राहायची आणि लोकांचे पडदे शिवायची. जिन्याचा कठडा हलत होता. तो धरून ती उतरत असताना तो निखळला आणि तिच्यासोबत खाली आला. कठड्याला काही झालं नाही. आत्याचं उजवं मनगट मोडलं.

धाकटा तणतणत दुरुस्ती विभागात गेला. काय काय बोलायचं ते वाटेतच पाठ केलं होतं. “माझी आत्या महिनाभर लिहितेय. झोपा काढता काय?”

“तक्रार दाखव,” सुतार म्हणाला. “मी आत्ता जातो. हत्यारं घासून घासून निम्मी झालीत माझी.”

धाकटा तक्रार शोधायला डेटाबेसात गेला. तक्रारींचा तक्ताच नव्हता. मग कोड उघडला. आपल्या खिडकीत ही ओळ कोणी घुसवलीय ते आधी बघू, मग त्याची सालटी काढू, असं म्हणत त्याने लेखकाचं नाव काढलं. माणूस ओळखीचा निघाला.

कठडा सुताराने त्याच दिवशी बसवला. धाकट्यानेही खिडकी दुरुस्त केली. आता तक्रार डेटाबेसात जायची, आणि मेलने सुताराकडे आणि मॅनेजरकडेही. बदलाची नोंद करताना कोडची वही ठेवणारं गिट विचारतं, ‘काय बदललंस?’ धाकट्याने लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा.’ आरशात न बघताही त्याला कान जाणवले.

संध्याकाळी तो आत्याकडे गेला. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. अर्धा शिवलेला पडदा खुर्चीवर लोंबत होता.

“ये. चहा तूच कर,” आत्या म्हणाली. “डाव्या हाताने केला तर साखर कुठे पडते काही कळत नाही.”

त्याने चहा केला. ती म्हणाली, “तुझ्या अ‍ॅपचा मात्र दोष नाही हो. बिचारं प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं. शेजारीण म्हणत होती, ऑफिसात जाऊन भांडूया. मी म्हटलं, कशाला? आमच्या धाकट्याचं आहे, लक्ष घालतो म्हणालंय ना.”

धाकट्याने आपला कप बाजूला सारला.

“आत्या, ते कुठेच जात नव्हतं.”

“काय?”

“तू लिहिलेलं. मी फक्त उत्तर लिहिलं होतं. घ्यायचं राहून गेलं.”

आत्याने डाव्या हातातला कप खाली ठेवला. “म्हणजे मी कोणाला लिहीत होते?”

“कोणालाच नाही.”

“शेवटी शेवटी तर मी ‘कसे आहात’ असंही लिहायचे.”

धाकट्याला हसू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

“ओरड ना,” तो म्हणाला.

“ओरडून मनगट जुळतं का? ऑफिसात सांगितलंस?”

“दुरुस्त केलंय सगळं.”

“सांगितलंस का, विचारलं.”

आत्याने आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. “लिही. मला लिहिता येत नाही, ते कोणामुळे तू जाणतोसच. लिही, कठडा पडला, माझा हात मोडला. तक्रारी पोचल्या नाहीत, कारण ज्याने हे बनवलं त्याने पोचवायचं कामच केलं नाही. तो माझा भाचा आहे.”

“‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहू?”

“आळसामुळे लिही.”

“आत्या, नोकरी जाईल.”

“माझ्यासारखीच या इमारतीत आणखी किती जणं लिहीत बसली असतील. त्यांना कोण सांगणार, पुन्हा लिहा म्हणून?”

त्याने ‘आळसामुळे’ लिहिलं. पाठवायच्या बटणावर बोट नेलं, मागे घेतलं. त्याने दाबलं.

फोनवर थांबा सांगणारं चाक फिरत राहिलं.

“आधी तर लगेच व्हायचं,” आत्या म्हणाली.

“आधी काही करतच नव्हतं ना.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मॅनेजर.

“अरे, यंदाची पहिली तक्रार आली बघ आपल्याकडे,” मॅनेजर म्हणाला. “बाईंनी फारच स्पष्ट लिहिलंय. पण हा भाचा म्हणजे कोण?”

धाकट्याने आत्याकडे पाहिलं. तिने प्लास्टरमधला हात उशीवर नीट टेकवला.

“मी,” तो म्हणाला. “आणि सर, फोन ठेवू नका. तक्रार त्यांची एकटीचीच नाहीये. मला सगळ्या इमारतींना कळवायचंय.”