वरचा अर्धा कीचक

मी कीचक बोलतोय. म्हणजे त्याचा वरचा अर्धा भाग. हात शाबूत आहेत, कमरेखाली काही नाही. रोज द्रौपदीवर हात टाकणाऱ्याच्या साक्षीवर तुम्ही विश्वास का ठेवावा, हे मलाही कळत नाही. तरी सांगतो.

जन्माने मी बोकड. धारवाडजवळच्या कलघटगीच्या बाजारात माझी मान तुटली आणि कातडं बाहुल्या खेळवणाऱ्या सटवाजीने घेतलं. त्याने ते कागदासारखं पातळ होईपर्यंत खरवडलं, उन्हात ताणलं, कापलं, रंगवलं. डोळा सगळ्यात शेवटी भोसकला. तेव्हापासून मला दिसतं.

मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, मध्ये मी. सटवाजी आम्हा बाहुल्यांना नाचवायचा. माझा आणि भीमाचा आवाज त्याचाच. द्रौपदीची गाणी त्याची बायको तानूबाई गायची. पडद्यापुढच्या लोकांसाठी कन्नड, पडद्यामागे आपसात मराठी. दर खेळात भीम मला गुडघ्याखाली घेऊन ठेचायचा आणि लोक टाळ्या पिटायचे.

खेळ संपला तरी सटवाजीचा हात थांबत नसे. तो मार तानूबाई खायची. त्याला टाळ्या नव्हत्या.

पुढे तंबूतला सिनेमा आला आणि आमचे प्रेक्षक तिकडे गेले. १९३८ साली धारवाडचे निवृत्त शिक्षक विठ्ठलराव यांनी एका सभागृहात, नाहीशा होत चाललेल्या गोष्टींवर कथांची संध्याकाळ ठरवली. एकाने लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची हकिकत सांगितली, दुसऱ्याने मेण्याच्या भोयांची. शेवटी आमचा खेळ. तो झाला की सगळ्या बाहुल्या विठ्ठलरावांच्या काचेच्या कपाटात जायच्या, असं सटवाजीने कबूल केलं होतं. तानूबाईला हे दिवा लावता लावता कळलं.

“जिती बाहुली काचेत घालतात व्हय?” ती कुजबुजली. “फाटली की पाण्यात सोडायची. तोवर खेळवायची.”

“खेळवणार कोण? माझा हात थरथरतोय.”

“मला मारताना न्हाई थरथरत.”

“साकु, पुरे झालं. गप गा.”

“मी खेळवते. बाहुल्या माझ्याकडं द्या.”

“बाईनं बाहुली धरायची न्हाई.”

खेळ सुरू झाला. मी द्रौपदीचा पदर धरला आणि तानूबाईने गाणं थांबवलं. मला डाव्या हातात ठेवून सटवाजीने उजव्याने तिच्या तोंडात भडकावली. पडद्यावर तो हात माणसाएवढा दिसला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतल्या वकील मंडळींतून ‘वन्स मोअर’ आला.

“ऐकलंस?” सटवाजी म्हणाला आणि त्याने पुन्हा हात उगारला.

तानूबाईने भीमाच्या बाहुलीची बांबूची काठी उपसून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं मी जवळून ऐकलं. तरी दुसऱ्या हातातून तो मला सोडेना. तिने माझे पाय पकडून ओढलं आणि मी कमरेत फाटलो. मला स्वतःचा आवाज नव्हता. तो सटवाजीच्या तोंडात होता, आणि तोच किंचाळला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कीचक छान मेला, असं त्यांना वाटलं.

तानूबाईने भीम स्वतः धरला. ओठातून रक्त येत असताना तिने खेळ पुरा केला.

विठ्ठलराव धावत पडद्यामागे आले आणि जागीच थबकले. “अहो, हे खरं होतं?”

“खेळ झाला, मास्तर. बाहुल्या जित्या हाईत. त्या मी नेणार.”

सटवाजी मनगट पोटाशी धरून बसला होता.

“निदान हा अर्धा?” विठ्ठलरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने माझे पाय उचलले. “डोकं ठेवा. पाय मी पाण्यात सोडते.”

तेव्हापासून मी काचेमागे आहे. खाली पाटी: ‘कीचक. लुप्त झालेली कला.’ गेल्या आठवड्यात कलघटगीचा एक माणूस विठ्ठलरावांना सांगत होता, की तिकडे तानूबाई नवा कीचक खेळवते आणि नवरा डाव्या हाताने दिव्यात तेल घालतो. विठ्ठलरावांनी चष्मा पुसला, पाटी वाचली आणि मला विचारलं, “मी तुला वाचवलं ना रे?”

मास्तर, मी मेलेलाच आहे. माझ्यासाठी जीव टाकू नका. ती पाटी तेवढी काढा. बाजाराच्या दिवशी कलघटगीला जा, पडद्यापुढे बसा. आणि पडद्यावर मोठा हात उगारलेला दिसला, तर टाळी वाजवण्याआधी एकदा मागे जाऊन बघा.