वीस मीटरच्या खाली

“जानेवारीनंतर तुम्ही सतरा नंबरच्या बोअरवर फिरकलाच नाहीत.” आण्णासाहेबांनी कागद दगडोबापुढं सरकवला. “रेघ बघा. संपली.”

दगडोबानं बघितलं. खरंच संपली होती. महिन्यामहिन्यानं खाली उतरत चौकटीच्या तळाशी आली नि गडप.

“म्या गेलतो की साहेब. आकडे वहीत हायेत.”

“वहीत कुणीही काहीही लिहील. ग्राफ खोटं बोलत नाही. पाचपर्यंत खुलासा द्या. नाहीतर निवृत्तीच्या कागदावर कामचुकारपणाचा शेरा जाईल.”

आण्णासाहेब प्रमुख असलेल्या कळंबच्या संस्थेसाठी दगडोबा सव्वीस वर्षं बोअरींतलं पाणी मोजत होता. एकेचाळीस बोअरी, आधी सायकल, मग लुना, आणि टोकाला खडू फासलेला पोलादी टेप. खडू जिथवर भिजला, तिथवर पाणी. थोरल्या लेकीच्या लग्नादिवशीही तो अक्षतांच्या आधी दोन बोअरी उरकून आला होता. बायकोनं, द्वारकाबाईनं, ते अजून विसरलेलं नव्हतं. आता नोकरीचे नऊ दिवस उरले होते, आणि नेमका आता शेरा!

दगडोबा व्हरांड्यात गेला. माठातलं पाणी प्याला. परत आला. तहान नव्हतीच, तरी पुन्हा माठाकडं गेला. शेवटी ग्राफ काढणाऱ्या हर्षालीच्या टेबलाशी येऊन ह्या पायावरून त्या पायावर व्हायला लागला.

“मामा, एका जागी थांबा की. मला गरगरायलंय.”

“तुमच्या मशिनीनं माजे तीन म्हयने गिळले, ताई.”

“मशिन नाही, पायथन आहे ते. कॉम्प्युटरची भाषा.”

“म्हंजी?”

“अजगर.”

“अजगरानं गिळलं तर पोट तरी फुगतंय.” दगडोबानं वही उघडली. “हे बघा. फेब्रुवारी, वीस पॉइंट आठ. मार्च, एकवीस पॉइंट सात. एप्रिल, बावीस पॉइंट सहा.”

हर्षालीचा हात थांबला. तिनं फाइल उघडली. तिन्ही आकडे तिथं सुखरूप होते. मग ती स्वतः लिहिलेल्या एका ओळीकडं बघत राहिली: वर शून्य, खाली वीस. वीसच्या खालचं चित्रात येतच नव्हतं.

सगळ्या बोअरींची चित्रं अहवालात एकसारखी दिसावीत म्हणून ही हद्द दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये एकमतानं ठरली होती. वीस मीटरच्या खाली पाणी जाणार नव्हतं. पाण्याला इतिवृत्त पाठवायचं तेवढं राहून गेलं.

तिनं वीसचे बावीस पॉइंट सहा केले. रेघ तीन पायऱ्या आणखी उतरली. आण्णासाहेब येऊन पाठीमागं उभे राहिले.

“खुलाशाचं राहू द्या,” ते पंख्याकडं बघत म्हणाले नि आत गेले.

“सुटलात, मामा.”

पण दगडोबा वाकून पडद्याकडं बघत होता. एप्रिलचा ठिपका चौकटीच्या काठावर अर्धा कापला गेला होता.

“खाली जरा जागा सोडा, ताई.”

“चांगलं दिसावं म्हणून?”

“न्हाय. मे घ्यायचाय अजून. मग जून.”

हर्षालीनं मान वर केली. “किती सोडू?”

दगडोबानं बोटांवर न मोजता सांगितलं, “पंचवीस टाका.”

“आणि त्याच्याही खाली गेलं तर?”

“न्हाय जायाचं. पंचवीसला बोअरचा तळ हाय.”

तिनं पंचवीस टाकलं. रेघ वर सरकली, आणि तिच्याखाली अडीच बोटं पांढरी जागा उरली.