रेघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. सांगणार आहे ती गोष्ट दोन हजार अकरा साली घडली, पण माझा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. एका पुस्तकबांधणी करणाऱ्याने मला विकत घेतले. खळ शिजवताना पाणी नेमके पडावे म्हणून त्याने कानशीने माझ्या अंगावर एक रेघ ओढली. "या पेल्याच्या मापाने केलेली खळ कधी बिघडत नाही," असे तो कौतुकाने सांगे.

तो गेला आणि घराच्या पुढच्या खोलीतला तो व्यवसाय दोन मुलांकडे आला. खळ तयार डब्यांतून येऊ लागली आणि मला दुसरे काम लागले. संध्याकाळी पुस्तके दाबयंत्रात आवळून झाली की दोघे भाऊ माझ्यातून दारू घेत. रेघेपर्यंत थोरल्याची, रेघेपर्यंत धाकट्याची. भावाभावांत दुजाभाव नको, असे थोरला हसत म्हणे. वीस वर्षे हाच नेम चालला. या कामाचा मला अभिमान नव्हता, पण पेल्याला नाही म्हणता येत नाही.

मग दोन हजार अकरा साली धाकट्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. थोरला मात्र ठणठणीत. घराने एकच अर्थ काढला: हा चोरून पितो. त्याच्या बायकोने पुठ्ठ्यांच्या थप्प्या उपसल्या, कपाटामागे हात घालून पाहिले. काहीच सापडले नाही, तेव्हा संशय आणखी वाढला.

"तुझी बायको शोधून दमली. कुठे लपवतोस ते सांगून टाक," थोरला म्हणाला.

"दादा, तुझ्याएवढीच घेतो रे."

"मग मला कसं काही झालं नाही?"

 धाकटा खरे बोलत होता हे मला ठाऊक होते. पण मला कोण विचारणार?

पाच महिन्यांनी त्याला मोठ्या दवाखान्यात ठेवावे लागले. थोरल्याने पुरावा म्हणून मला रुमालात गुंडाळून नेले आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. एवढ्याने कोणी इतका आजारी पडतो का, असे त्याने विचारले.

"माप सारखंच आहे हो, पण माणसं सारखी नाहीत," बाई म्हणाल्या. "आईवडील एकच असले, तरी दोन भावांना सगळी जनुकं सारखी मिळत नाहीत. काहींच्या वाट्याला अशी येतात, की तेवढ्याच दारूने त्यांचं यकृत लवकर खराब होऊ शकतं. तुमचे भाऊ खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. आणि तुम्हीही सुटलात असं समजू नका."

धाकट्याची बायको खाटेशी बसली. कितीतरी वेळ ती पांघरुणाच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"अगं, मलाच माझा संशय यायला लागला होता," तो म्हणाला.

धाकट्याने दारू सोडली, पण फार उशीर झाला होता. सात महिन्यांनी तो गेला. थोरला त्या दिवसापासून दारूला शिवला नाही. पुढे त्याने दाबयंत्र विकले आणि तो मुलीकडे राहायला गेला. धाकट्याची बायको एका शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तके शिवते. मी तिच्या फडताळात मागे पडून आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. दारूपासून लांब राहा. आणि घरात कोणी आजारी पडले, तर दुसऱ्याची तब्येत पुढे करून त्याला खोटे पाडू नका. धाकट्यावर शेवटी सगळ्यांनी विश्वास ठेवला. पण त्याआधी पाच महिने तो आपल्याच घरात चोर होऊन राहिला.