माझ्या जागेवर बसलेली सवत

मी एक जुनं इंजिन आहे. इंजिनाला कुठली आलीय सवत, असं म्हणून हसू नका मित्रांनो. आधी ऐका, मग हसा.

मत्सर वाईट असतो असं तुम्हाला सगळे सांगतात. बरोबरच सांगतात. पण त्या सांगणाऱ्यांपैकी एकालाही कोणी साखळीने टांगून बाहेर काढलेलं नाही, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची जागा दुसऱ्याला दिलेली नाही. माझ्या बाबतीत हे सगळं झालंय.

कारखान्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून मला घडवलं. जड, काळा, दणकट. मग एका बुटक्या, लालभडक, दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स गाडीच्या पोटात मला बसवलं. तिचं नाव पडलं लाली. लाली नटायची आणि मी गुरगुरायचो. सिग्नलला थांबलो की बसमधली माणसं खिडकीतून अर्धी बाहेर यायची. आमचे मालक चष्म्यांचे दुकानदार होते. ते बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास रे माझ्या वाघा!" अशा वेळी लोखंडसुद्धा फुगतं बरं का.

पण मालकांची एक खोड होती. पाणी कमी होऊन मी तापलो की लागणारा एक लाल दिवा त्यांच्या समोरच होता. तो बिचारा कधीच उडाला होता. कोणी म्हटलं, बदलून घ्या, तर मालक हसायचे. "लागतच नाही ना? मग सगळं झकास आहे!"

असंच झकास म्हणत मालकांनी एकदा चढावर एका बसशी शर्यत लावली. पाण्याचा पाइप फुटला होता. दिवा गप्प, मालक गाणं म्हणतायत आणि मी आत उकळतोय. शेवटी मी खाडकन बंद पडलो. मालक उतरले, बॉनेटवर लाथ मारली आणि म्हणाले, "इंजिनच कच्चं निघालं!"

घरीदारी तेच सांगितलं. वाघाचं मांजर व्हायला एक वाक्य पुरतं. लालीवर ताडपत्री पडली. वर्षं गेली. एक दिवस मालकही गेले.

मग त्यांच्या मुलीने ताडपत्री ओढली. ही मुलगी दातांची डॉक्टर. ती लालीला टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत, एका गॅरेजमध्ये घेऊन आली. गॅरेजवाल्याच्या मिशा आणि हिरवट डोळे बघून सगळे त्याला बोका म्हणायचे.

"बोकाशेठ, मला ही रोज चालवायचीय," बाई म्हणाल्या.

"रोज? मग हे धूड काढावं लागेल. ठोकलेल्या गाडीचं एक नवं इंजिन आहे माझ्याकडे. हलकं आहे, पेट्रोलही कमी पितं."

"काढा. बाबा म्हणायचेच, कच्चं निघालं म्हणून."

झालं! मला साखळीने वर ओढलं, कोपऱ्यात आणून टेकवलं आणि सवत आली. अॅल्युमिनियमची, चकचकीत, डोक्यावर प्लास्टिकचं झाकण. आवाज म्हणाल तर शिलाई मशीन! बोका तिला मऊ फडक्याने पुसायचा आणि माझ्यावर डबा ठेवून जेवायचा. मीही कमी नव्हतो. पोटात उरलेलं तेल थेंबथेंब सोडत बसायचो. ऐटीत सवतीकडे निघालेला बोका त्यावरून असा घसरला, की हातातलं फडकं पंख्यावर जाऊन बसलं. तेवढंच समाधान!

लालीला नवा रंग चढला, नव्या गाद्या आल्या. गॅरेजच्या दारातून तिचं मागचं टोक दिसायचं. जुन्या घराला नवे पडदे लागले आणि राहायला दुसरीच बाई आली. आता तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही?

पण देव असतो हो! बोक्याची कामाची पद्धत म्हणजे सगळं वितीने मोजायचं. लांबी, रुंदी, उंची, सगळं त्याने मोजलं. वजन काही वितीने मोजता येत नाही, ते राहिलं. पुढच्या स्प्रिंगा माझ्यासारख्या पैलवानासाठी बनवलेल्या. त्यांच्यावर ही काडीपैलवान बसली, आणि लालीने जे नाक वर केलं ते खाली येईना.

लालीला रंग देणारा रंगारी पोट धरून हसत सुटला. "बोक्या, गाडी केलीस की विमान?"

"गप रे. चालवली की बसेल खाली."

दिवेलागणीला बोका आणि बाई चक्कर मारायला निघाले. दिवे लावले तर उजेड समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथून एक आजोबा ओरडले, "अहो, आम्ही जेवतोय! आमचं ताट कशाला बघताय?"

बाई परत आल्या त्या घामाघूम. "पुढची चाकं जमिनीला टेकतात की नाही तेच कळत नाही. बोकाशेठ, जुनंच परत बसवायचं का?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नावर मी कोपऱ्यात बसल्या बसल्या चार गिअर टाकले!

दुसऱ्या दिवशी बोक्याने मला खोललं. आतून पुसलं, रॉकेल लावलं, ते कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. बाई शेजारी उभ्या होत्या. सवत लालीत बसून बघत होती. मी मनात म्हणत होतो, आवर आता तुझा पसारा.

हळूहळू पांढऱ्या पुडीवर एक बारीक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"तडा गेलाय, बाई," बोका म्हणाला. "हे आता गाडीत चालायचं नाही."

तिथे माझं सगळं संपलं.

"मग कच्चंच होतं म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"कच्चं? अहो, असं भरीव बीड आता बघायला मिळत नाही. याला कोणीतरी पाण्याविना पळवलंय. चांगलं उकळेपर्यंत."

बाई हसल्या, पण डोळे भरले होते. "माझे पेशंट असंच सांगतात बघा. ब्रश कधी केला नाही म्हणत नाहीत. म्हणतात, दातच कच्चे निघाले. बाबासुद्धा त्यातलेच!"

त्यांनी माझ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांचा आळ त्या एका हाताने पुसला.

बोक्याने लालीला नरम स्प्रिंगा घातल्या. नाक खाली आलं. जाताना त्याने विचारलं, "मग याला भंगारात देऊ?"

"नाही. माझ्या दवाखान्यात पाठवा."

"का? याचेही दात काढणार?"

"काच टाकणार याच्यावर."

तर सध्या मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतलं टेबल आहे. गाल सुजलेली तुमच्यासारखी मुलं माझ्या भोकांत बोटं घालतात आणि दुखणं विसरतात. मोठी माणसं माझ्यावर पाण्याचे ग्लास ठेवतात. पाणी! जेव्हा हवं होतं तेव्हा कोणी दिलं नाही!

म्हणून एक सांगतो. घरच्या गाडीचा लाल दिवा चालू आहे ना, ते मोठ्यांना विचारा. गप्प असलेला दिवा सुखात असतो असं नाही. माणसांचंही तसंच असतं.

मत्सर गेला का म्हणता? छे हो! सकाळी लाली दारात थांबते, ते शिलाई मशीन बंद होतं, आणि आजही मी आतून जळतो. पण मग बाई आत येतात आणि गाडीची किल्ली माझ्या काचेवर ठेवतात. नंबर लावणारी मावशी शेजारीच असते, किल्लीला हात लावायची कोणाची टाप नाही. सवत दिवसभर बाहेर उन्हात, आणि किल्ली माझ्याकडे. हलून तर दाखवू दे!

तेव्हा मित्रांनो, माझ्या काचेवर काहीही ठेवा. फक्त किल्लीवर पेपर टाकू नका. मला ती दिसली पाहिजे.