पूर्ण शस्त्र

खंडेनवमीच्या सकाळी रणवीरने ड्रोनचे चारही पंखे काढून वाटीत ठेवले. ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा नवा गॉगल आज ड्रोनला जोडायचा होता. उद्या धारला दसऱ्याच्या मिरवणुकीचं शूटिंग होतं, आणि तिथला स्टुडिओवाला धीरज उठल्यापासून फोन करत होता. जोडणीच्या वेळी पंखे काढायचे, हा रणवीरचा नियम. बदनावर गावच्या एका लग्नात त्याच्या डोळ्यांदेखत एका फोटोग्राफरचा अंगठा चिरला होता.

देवासच्या त्यांच्या घरी पूजेच्या पाटावर तलवार, कट्यार आणि राजनंदिनीचा दात काढायचा चिमटा मांडून झाला होता. रणवीरची ही थोरली बहीण इंदूरला दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती. हिचा हात कधी थरथरत नाही, असं तिचे सर म्हणत.

आजोबा गणोजींनी वाटीत डोकावून पाहिलं. "हे काय?"

"पंखे, आबासाहेब. जोडणी व्हायचीय."

"मुठीवाचून तलवार पाटावर ठेवली का कधी आपल्यात? शस्त्र पूर्ण हवं. लाव ते."

"मग जोडणी पूजेनंतर करतो."

"पूजलेलं शस्त्र उद्यापर्यंत हलवायचं नाही. काय करायचं ते आत्ता कर, मुहूर्त टळतोय."

रणवीरने पंखे बसवून ड्रोन पाटावर ठेवला. आपण सुरू केल्याशिवाय मोटर थोडीच फिरणार, असं त्याने मनाशी म्हटलं.

"ताई, गॉगल चढवला की मला बाहेरचं दिसणार नाही. लक्ष ठेव. कुणाला जवळ येऊ देऊ नकोस."

"जी हुजूर. आंधळ्याची काठी बनते, और क्या!"

त्याने ड्रोन चालू केला, गॉगल चालू केला, दोन्हींची बटणं दाबून धरली. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. डोळ्यांसमोर झेंडूची फुलं उजळली, तलवारीची मूठ, आबासाहेबांच्या धोतराचा काठ.

"आया, ताई! आया!"

"नंदे, यंत्राला कुंकू राहिलं गं," आबासाहेब म्हणाले. रणवीरने ते ऐकलं, पण चित्रातून त्याचं लक्ष निघेना. आणि ज्या बहिणीने इतरांना अडवायचं, तीच कुंकवाची चिमूट पुढे करून वाकली.

चित्र आलं की रिमोट तपासायचा, ही त्याच्या हातांची सवय. दोन्ही दांड्या आत ओढायच्या, मोटर क्षणभर फिरवायची. पंखे काढलेले असत, म्हणून आजवर नुसती घरघर व्हायची.

त्याने दांड्या ओढल्या.

पाकळ्या उडाल्या, चित्र हादरलं. चित्रात माणूस कुणीच नव्हतं. किंचाळी चित्राच्या बाहेरून आली.

दुपारी सर्जन म्हणाले, "उजव्या हाताची तर्जनी वाचेल. पण नस तुटलीय. टोकाला स्पर्श कळणार नाही. बारीक कामाची आशा ठेवू नका."

"मीच लावायला सांगितले पंखे," आबासाहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"फिरवले मी," रणवीर म्हणाला.

त्याचा फोन वाजू लागला. राजनंदिनी छताकडे पाहत पडली होती. "उचल. धीरज असेल."

"भिया, गॉगल जुड गया? पिक्चर आ रहा है ना?"

रणवीरने तिच्या हाताकडे पाहिलं. पट्टीबाहेरच्या अंगठ्यावर कुंकू अजून तसंच होतं.

"आया," तो म्हणाला. "एकदम साफ."