जातं थांबलं की

सिदूला घरमालकीण बसम्माच्या भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत राहायला मीच आणलं, त्यामुळं त्याला उठवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. सोलापुरात पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला निघायचं आणि तिसऱ्याला गिरणीच्या फाटकात हजर असायचं. भोंगा असा की अंथरुणाला खिळलेलं माणूसही उठून बसावं. सिदू मात्र कूस बदलायचा. जेऊरला त्याचं घर रुळांना लागून. आगगाडीच्या शिट्ट्या ऐकतच तो मोठा झालेला. मी पाणी शिंपडलं, पांघरूण ओढलं, एकदा लाथही घातली. तो उठून बसायचा आणि मी तोंड धुऊन येईतो पुन्हा आडवा. महिन्यात तीनदा तो फाटकाबाहेर राहिला. मुकादम म्हणाला, "आता उशीर झाला की गावाकडंच जा." गावी त्याची आई एकटी, सगळी भिस्त याच्यावर. मला त्याची चीड यायची आणि काळजीही वाटायची.

एकदा बसम्मानं स्वयंपाकघर सारवलं म्हणून जातं आमच्या खोलीपुढच्या ओसरीवर मांडलं. पहाटे ती दळायला बसली, सोबत कानडी गाणं. माझी झोप मोडली. सिदू घोरतच होता. दळण संपलं, जातं थांबलं, आणि हा पठ्ठ्या ताडकन उठून बसला.

"आई, भाकर टाकलीस?"

तेव्हा उलगडा झाला. गावी तो आईच्या जात्याशेजारी झोपायचा. जातं थांबलं की चूल पेटायची, आणि मग हा उठायचा.

बसम्माला सांगितलं, तर म्हणाली, "मी काय त्याची आई हाय व्हय?" पण जातं ओसरीवरच राहिलं आणि सिदू वेळेवर जाऊ लागला.

श्रावणात ती लेकीकडं अक्कलकोटला गेली. पहाटे मला जाग आली तीच आता सिदूला उठवणार कोण, या धास्तीनं. मी चांगला मिशीवाला गडी, पण करतो काय? इकडंतिकडं बघितलं, ज्वारीची टोपली ओढली आणि जात्याचा खुंटा धरला. दळलं, थांबलो. सिदू ढिम्म. मग ध्यानात आलं, गाणं राहिलं. मला एक आरती तेवढी येत होती, तीच दळता दळता म्हटली. शेजारची हेमावती घागर घेऊन निघाली होती, ती जागीच थबकली. लाज गिळून मी आरती शेवटपर्यंत म्हटली आणि हात थांबवला.

आतून आवाज आला, "आई, भाकर टाकलीस?"

मी हातांवरचं पीठ झटकलं.

"टाकली," मी म्हणालो. "ऊठ आता."

तिसऱ्या भोंग्याला आम्ही दोघंही फाटकात होतो, त्या दिवशी आणि पुढं आठवडाभर.

बसम्मा परत आली. डब्यातलं पीठ तिनं बोटांत चोळून बघितलं. हेमावतीनं तिला वाटेतच सगळं सांगितलं असणार.

"जाडं हाय," ती म्हणाली, आणि ज्वारीची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. "उद्या जरा बारीक दळ. पोराला जाड भाकर चावत न्हाय."